घड्याची जागा

३ मार्च १९९६

बाबा,

हे पत्र मिळताच तो कागद परत पाठव. पहिल्याच ओळीत लिहितो, कारण तू माझी पत्रं शेवटपर्यंत वाचत नाहीस असं तुझी आई म्हणते. मी पेन्सिलीने काढून दिलेला कागद. ज्यात कायाच्या देवराईतली वाट आहे, ओढा आहे, दोन गोरखचिंचा आहेत आणि दोन्हींच्या मधे, पूर्वजांनी घडा पुरलाय तिथे, फुली आहे. तो. पाकिटात घालून हे पत्र आणणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरकडेच दे. पोस्टाने पाठवू नकोस, पोस्टात फोडून बघतात.

येरी गेला. मारला त्याला.

गुरुवारी भर दुपारी. आम्ही सगळे पलीकडच्या गावी मयताला गेलो होतो. येरीचा गुडघा सुजलेला, म्हणून तो कायाच्या फाटकाशी राखणीला बसला. पाच माणसं आली, कोयते आणि कुदळी घेऊन. ओढ्यावर पाणी भरणाऱ्या बायकांनी त्यांना आत शिरताना पाहिलं. पायांत बूट तसेच, आपण तिथे अनवाणी जातो. बायका सांगतात, ती माणसं कुठे थांबली नाहीत, इकडेतिकडे बघितलं नाही, नीट सरळ गेली. बाबा, त्या वाटेवर जन्म काढलेला माणूससुद्धा एकदा तरी चुकतो. मी चुकलोय.

मग येरीचं ओरडणं ऐकू आलं. बायकांनी हंडे बडवले, आरडाओरड केली, तेव्हा ती माणसं पळाली. खणायला त्यांना वेळ मिळाला नाही. घडा जाग्यावर आहे.

मी त्याला पाहिलं. फुलीच्या जागी पालथा पडला होता, हातपाय पसरून, घोरपड चिकटते तसा जमिनीला चिकटून. त्यांनी ऊठ म्हटलं असणार. उठला नाही, म्हणून पाठीवर कोयते चालवले. पाठ राहिलीच नव्हती. उजवा हात कोपरापाशी तुटून वेगळा पडला होता आणि त्या हाताची मूठ मातीने भरलेली होती. मुंग्या लागल्या होत्या. मी बसून मुंग्या झाडत राहिलो. दुसरं काही सुचेना. पोलीस आले, लिहून घेतलं, त्याला गाडीत घालून शहरात नेलं. हात मागे राहिला होता, तो केळीच्या पानात बांधून चेंगो गाडीमागे धावत गेला.

तू मला म्हणाला होतास की सरकारी लोक जंगलाला कुंपण घालणार आहेत, घड्याची जागा मोकळी सोडायची म्हणून त्यांना नकाशा हवा. मी म्हटलं, जागा तोंडाने सांगायला आम्हाला बंदी आहे. तू हसलास. "मग तोंडाने कुठे सांगताय? काढून द्या," म्हणालास. मला ते पटलं. आजोबांच्या वेळी गावात पेन्सिल नव्हती, म्हणून बंदी फक्त तोंडाला आहे, असं मी मनाशी म्हटलं.

घडा पुरलेला आहे तोवर आपल्यातला एकही मजूर तिथे कुदळ लावणार नाही. हे जंगल तोडून प्लॉट पाडायला निघालेल्या त्या मोंबासाच्या प्लॉटवाल्याला कुणी सांगितलं? आपल्यातल्याच कुणीतरी ना?

कुणाला दाखवलास का? इतकंच कळव.

खोकला तसाच आहे. तुझ्या आईला यातलं काही लिहू नकोस. तिला वाचता येत नाही, पण ती दुसऱ्याकडून वाचून घेते.

तुझा बाप,
लुगांजे


११ मार्च

बाबा,

ड्रायव्हर म्हणाला, पत्र तुझ्या हातात दिलं. तू विचारलंस, "म्हातारा बरा आहे ना?" आणि मग दुकानात आत गेलास. कागदाचं काही बोललास का असं मी त्याला तीनदा विचारलं. तो वैतागला.

तुझं दुकान नवीन आहे असंही तो म्हणाला. वर पत्रे, पुढे काच. बरं आहे.

काल पंच बसले. येरीच्या जागी दगड ठेवला होता. घड्याची जागा चौघांना माहीत: येरी, चेंगो, मी आणि कडेंगे. कडेंगे सर्वांत वडील, त्याने सुरुवात केली.

"चौघांतला एक मेला. उरले तीन. तिघांतला एक कुत्रा आहे."

चेंगो म्हणाला, "कुत्रा असता तर भुंकला असता. हा मुका दिसतो."

"थट्टा पुरे. येरीची कबर अजून ओली आहे."

"म्हणूनच बोलतोय. चाळीस वर्षं त्याला माझ्या बडबडीची सवय. गप्प बसलो तर त्याला वाटेल, हाही आला."

सगळे हसले. कडेंगेसुद्धा तोंड फिरवून हसला. मी हसलो की नाही ते मला आठवत नाही.

ती माणसं परत येणार हे सगळ्यांना ठाऊक आहे. घडा तिथून उचलून नव्या जागी पुरायला हवा. पण जोवर फितूर कोण ते कळत नाही, तोवर नवी जागा ठरवून काय उपयोग? ती पण बाहेर जाईल. म्हणून कुऱ्हाडीची शपथ ठरली. गुरुवारी. तापवलेली लाल कुऱ्हाड भगत तळहातावरून फिरवतो. खरं बोलणाऱ्याला ती थंड लागते, खोट्याचा हात जळतो. हे तू लहानपणी बघितलं आहेस. रडला होतास.

शपथेचं वाक्य लिहून घ्यायला मला सांगितलं. गावात मला कारकूनच म्हणतात ना. कडेंगे म्हणाला, "लिही. ज्या माणसाकडून जागा बाहेर गेली, त्याचा हात जळो." मी म्हटलं, "दादा, जुनं वाक्य असं नाही. जुनं वाक्य 'ज्या तोंडातून' असं आहे." तो जरा थांबला, म्हणाला, "हो रे, तोंडच. कारकुनाला पाठ असतं." मग मी लिहिलं: ज्या तोंडातून घड्याची जागा बाहेर गेली, त्याचा हात जळो.

जुनं वाक्य खरंच तसंच आहे. मी काही बदललेलं नाही. वाटल्यास कुठल्याही म्हाताऱ्याला विचार.

कागद पाठव.

लुगांजे


१६ मार्च

बाबा,

झालं. माझा हात शाबूत आहे. म्हणजे देवांनीही मान्य केलं की तोंडाने मी काही सांगितलेलं नाही. मला हे आधीच माहीत होतं, तरी कुऱ्हाड जवळ आली तेव्हा लघवी झाली. काळ्या कपड्यात दिसली नाही.

पहिल्यांदा कडेंगे. त्याला काही झालं नाही. मग मी. भगताने माझं मनगट धरलं. वाक्य मी मोठ्याने म्हटलं, एकेक शब्द. कुऱ्हाड फिरली. गरम वाऱ्यासारखी गेली. माझा तळहात सगळ्यांना दाखवला, बायकांनी आरोळी दिली.

मग चेंगो. त्याने हात पुढे केला आणि म्हणाला, "हळू रे, याच हाताने माडी पितो." लोक हसायच्या आत तो किंचाळला. तळहात फाटल्यासारखा झाला होता. पांढरी कातडी वर आली, खालून रक्त आणि पाणी. तो स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. मग माझ्याकडे बघितलं. कडेंगेकडे नाही. माझ्याकडे.

म्हणाला, "कारकुना, सांग ना यांना."

पुढचं लिहायचं नव्हतं. पण तू मोठ्या शहरात राहतोस, तुला वाटेल गावात भांडणं होतात आणि मिटतात.

पहिला दगड कुणी मारला ते दिसलं नाही. तो कानावर लागला. चेंगो पळाला नाही. बोलायचा प्रयत्न करत होता आणि प्रत्येक वेळी तोंड उघडलं की तोंडावरच दगड. दात तुटून हनुवटीवर आले. येरीचे पुतणे पुढे होते. कुणीतरी ओरडलं, "केस पांढरे झाले की चेटकेच होतात हे!" मग त्याच्या झोपडीच्या छपराच्या झावळ्या ओढून आणल्या, त्याच्यावर टाकल्या आणि पेटवल्या. तो झावळ्यांखालून दोनदा उठला. तिसऱ्यांदा नाही उठला. वासाने कोंबड्या लांब पळाल्या. कडेंगे "थांबा, थांबा" म्हणत काठी आपटत होता, पण त्याचा आवाज आता किती येतो तुला माहीत आहे.

मी लांब उभा होतो.

तू कागद पाठवलास तर मी जाळून टाकेन, आणि मग या सगळ्याला शेवट येईल. चेंगोला आता काय फरक पडतो? येरीला काय? तुझ्या आईने दोन दिवस चूल पेटवलेली नाही. मी नारळ खातोय.

लुगांजे


२४ मार्च

बाबा,

मागच्या पत्रात मी लिहिलं की लांब उभा होतो. तसं नाही. लोक माझ्याकडे बघत होते. चेंगो माझं नाव घेत होता आणि लोक बघत होते की हा का गप्प. मी एक दगड उचलला. लहान होता, लिंबाएवढा. फेकला. लागला नसावा.

लागला. खांद्याला.

आणखी एक. शपथेच्या दिवशी सकाळी चेंगो माझ्या अंगणात आला होता. कायाच्या कुंपणाला काटे बांधताना त्याच्या तळहातात बोटभर काटा मोडला होता. हात सुजून फुगला होता. मला दाखवून म्हणाला, "याच हातावर कुऱ्हाड घेऊ का दुसरा देऊ? भगताला विचार ना." मी म्हटलं, "उजवाच लागतो." त्याने पानाचा चिकट रस लावून काटा झाकला आणि गेला. सुजलेल्या, ताणलेल्या कातडीला कुऱ्हाड कशी लागते हे मला कळत होतं. चौथीपर्यंत शिकलोय मी. एवढं कळतं.

परवा त्याची मुलगी म्बेयू आली. शहरातल्या शाळेत शिकवते ती, तुझ्याबरोबर आंबे चोरायची. दारात उभी राहिली. आत ये म्हटलं तर आली नाही.

"काका, माझ्या बापाने कधी गुपित ठेवलंय? तुम्हीच सांगा."

मी म्हटलं, "नाही गं. चेंगोच्या पोटात काही राहायचं नाही."

"मग चाळीस वर्षं घड्याची जागा का राहिली?"

मी पाण्याचा तांब्या पुढे केला, तिने घेतला नाही.

"आईला नाही सांगितलं, मला नाही सांगितलं, दारूच्या नशेत नाही सांगितलं. एकच गोष्ट त्याने आयुष्यात पोटात ठेवली, आणि तिच्यासाठीच त्याला जाळलंत." मग ती म्हणाली, "शेवटी तुम्हाला हाक मारत होता म्हणे. काय सांगायचं होतं त्याला?"

"काट्याचं," मी म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं.

"कसला काटा?"

मी खोकायला लागलो. खरंच खोकला आला होता. ती माझा खोकला संपेपर्यंत थांबली. थांबून माझ्या हातांकडे बघितलं आणि गेली.

आता मुद्द्याचं. पंचांचं म्हणणं, फितूर मेला, आता घडा हलवायला हरकत नाही. कडेंगेचे हात कापतात, त्याच्याकडून घडा पडेल. म्हणून मी उचलायचा. मंगळवारी. मी आणि कडेंगे दोघेच आत जाणार, अनवाणी. मी घडा छातीशी धरून नव्या जागेपर्यंत चालायचं, मागे न बघता.

बाबा, मी तो घडा कसा उचलू? फितुराच्या हातात घडा गेला तर काय होतं ते आजोबांनी मला सांगितलंय. माणसाला काही होत नाही. घडा मरतो. बाहेरून तसाच दिसतो, लोक नमस्कार करत राहतात, पण आत काही उरत नाही. मग जंगल नुसती झाडं. मग कुणीही यावं आणि तोडावं.

आणि मी सांगितलं तर? झावळ्या माझ्याही छपराला आहेत.

तुला ही दोन्ही टोकं दिसावीत म्हणून लिहिलं. तू येऊन म्हणालास की म्हाताऱ्याला मी फसवलं, कागद मी विकला, तर मला काहीजण तरी माफ करतील. मंगळवारच्या आधी ये. गाडी सकाळी सहाला सुटते.

तुला मी पाळण्यापासून बाबा म्हणत आलो. आपल्यात मुलाला आजोबाचं नाव देतात आणि बाप मुलाला बापासारखं बोलावतो. म्हणून मी तुला कधी मारलं नाही. आपल्या बापाला कोण मारतं?

लुगांजे


२ एप्रिल

बाबा,

अक्षर वाईट आहे. डाव्या हाताने लिहितोय. एका ओळीला बराच वेळ जातो, म्हणून थोडक्यात लिहीन असं ठरवलंय, पण जमणार नाही बहुतेक.

मंगळवारी तू आला नाहीस. मी गाडीच्या थांब्यावर गेलो होतो. उतरलेल्यांत तू नव्हतास.

फाटकाशी सगळं गाव जमलं होतं. घडा दिसत नाही कुणाला, पण तो हलणार म्हणून लोक शांत उभे होते. म्बेयूपण होती, भिंतीशी टेकून, एकटी. कडेंगेने चपला काढल्या. मला म्हणाला, "चल कारकुना."

मी म्हटलं, "दादा, आधी कुऱ्हाड तापवा."

"काय?"

"शपथ चुकीची घेतली. वाक्य मी लिहिलं होतं, ते चुकीचं होतं. 'ज्या तोंडातून' नाही. 'ज्या हाताने' म्हणा."

कडेंगेला लगेच कळलं. म्हातारा आहे, मूर्ख नाही. तो म्हणाला, "लुगांजे, गप्प बस. आत चल. आतमध्ये बोलू." तो मला वाचवत होता, बाबा. मला ते कळलं आणि मी आणखी मोठ्याने बोललो, नाहीतर आत गेलो असतो.

चूल जवळच होती. भगताने कुऱ्हाड लाल केली. मी वाक्य म्हटलं: ज्या हाताने घड्याची जागा कागदावर काढून बाहेर दिली, तो हात जळो. भगत घाबरला होता, त्याने कुऱ्हाड पटकन फिरवायला घेतली. मी मूठ मिटली. कुऱ्हाड मुठीत धरली. देवांवर सोडायचं नव्हतं मला. मागच्या वेळी देवांवर सोडलं होतं.

मांस चिकटतं आणि मग सुटत नाही. भगत दांडा ओढत होता आणि माझी बोटं बरोबर जात होती. दोन बोटं काळी झाली आहेत, ती जातील असं दवाखान्यातला माणूस म्हणाला. पेन्सिल धरायची तीच.

येरीच्या थोरल्या पुतण्याने दगड उचलला. चेंगोला मारणाऱ्यांत तो पहिला होता. मी डोळे मिटले. मग म्बेयूचा आवाज आला.

"खाली ठेव तो."

"तुझ्या बापाला यानेच मारलं!"

"माझ्या बापाला तू मारलंस. मी विचारून आलेय सगळ्यांना. यानेही मारला एक दगड, ते तो सांगेल. तो जिवंत राहिला तर सांगेल. मेला तर तू सांगणार आहेस का पोलिसांना?"

त्याने दगड खाली ठेवला नाही. पण फेकलाही नाही. हातात घेऊनच घरी गेला.

मी तिथेच सगळं सांगितलं. काट्याचंही. म्बेयू ऐकत होती. काट्याचं ऐकताना ती खाली बसली.

घडा कडेंगेने एकट्याने हलवला. कापणाऱ्या हातांनी, पोटाशी कापडात बांधून. संध्याकाळपर्यंत लागला. कुठे पुरला ते मला माहीत नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मला माहीत नाही. मला कायाच्या फाटकाच्या आत पाऊल टाकायला आता बंदी आहे, मेल्यावरही. माझ्या आठवणीचा खांब माझ्या बापाच्या खांबाशेजारी लागणार नाही. प्लॉटवाल्याची माणसं काल पुन्हा आली होती तुझा कागद घेऊन. फुलीच्या जागी खड्डा बघून परत गेली. आपल्यातल्या एकाही मजुराने त्यांच्या गाडीला हात लावला नाही.

आता तुझं.

काल पंचांनी विचारलं, कागद कुणाला दिलास? सगळ्यांना ठाऊक आहे, पण नाव उच्चारल्याशिवाय फितुराला शाप लागत नाही. आणि नाव उच्चारायचं तर "थोया, लुगांजेच्या घरचा" असं म्हणायचं, आणि ते नाव माझ्या बापाचंही आहे. त्याचा खांब कायाच्या सावलीत उभा आहे. शाप दोघांवर जाईल. म्हणून मी गप्प राहिलो. कडेंगेने पुन्हा विचारलं. मी गप्प. लोक म्हणाले, बघा, मुलाला वाचवतोय.

वाचवतही होतो. दोन्ही खरं आहे.

म्बेयूने मग वहीचा कागद फाडून माझ्या मांडीवर ठेवला. पेन्सिल डाव्या हातात दिली. म्हणाली, "तुमची सवय आहे ना ही." मी लिहिलं. वेळ लागला. थोया, लुगांजेचा मुलगा. बाप नव्हे, मुलगा. मोंबासा, काचेचं दुकान.

तिने तो वाचला नाही. घडी घालून छातीशी ठेवला. म्हणाली, "एका बाजारापासून चौथ्या दिवशी दुसरा बाजार. तेवढं थांबते. तो स्वतः आला, लोकांसमोर उभा राहिला, माझ्या बापाच्या राखेसमोर बसला, तर हा कागद चुलीत जाईल. नाहीतर मी वाचीन. पंचांनाही वाचून दाखवीन आणि पोलिसांनाही."

आज पहिला दिवस.

गाडी सकाळी सहाला सुटते. तुझ्या आईने चूल पेटवली आहे. मी तुला ये म्हणत नाही, राहा म्हणत नाही. फक्त एवढं तुला माहीत असू दे, की तोंडाने मी तुझं नाव घेतलेलं नाही.

लुगांजे